टोपी घातली, म्हणजे काय केलं?

मैत्रिणींनो, आपल्या नांदेड-लातूरकडे लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर चुकत नाही. मांडवात टोपी घातली की मान झाला. भिशीवालीनं घातली की पैसे बुडाले!

सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य. रूमी टोपी दरबारी, गांधी टोपी सत्याग्रही. टोपीवरून माणसाची बाजू कळायची. अशा मुलखात ‘टोपी फिरवली’ म्हणणं झोंबणारच. इंग्रज मात्र कोट उलटा करतो, त्याचा ‘टर्नकोट’ होतो. मान द्यायला तो टोपी काढतो, ‘हॅट्स ऑफ’, आपण घालतो. म्हणून इंग्रजी शाळेतल्या चिरंजीवांनी ‘फसवलं’साठी ‘पुट अ कॅप’ लिहिलं तर रागावू नका, समजावून सांगा.

आणि ‘टोपी उडवणं’? ते आपल्या ह्यांना विचारा. चारचौघांत आपलीच तर उडवतात!