कॅम्परची बॅटरी घेताना

जुनी व्हॅन किंवा ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेणारी कुटुंबं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. गाद्या, ओटा, पडदे यांवर घरात महिनाभर खल होतो. बॅटरी मात्र ऑनलाइन सगळ्यांत स्वस्त दिसेल ती मागवली जाते. कळकळीने सांगते, असं करू नका. या बॅटरीपासून हातभर अंतरावर तुमची मुलं झोपणार आहेत. पैसे वाचवायचेच तर बॅटरीच्या आकारात वाचवा, प्रकारात नको.

प्रकार एकच घ्या: लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे दुकानातली एलएफपी. मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ती जड असते, पण तिच्यातला फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे ती सहजी भडकत नाही. 'ही पेटतच नाही' असं दुकानदार म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. फार तापली की तिच्यातूनही ज्वालाग्राही वायू निघतो.

आता आकार. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ५५० वॅट-तास खातो. पंखा रात्रभर चालला तर २००, दिवे ५०, मोबाइल-लॅपटॉप १५०. झाले ९५०. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या एलएफपीत १२८० वॅट-तास असतात आणि त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात. लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी लागते. म्हणजे एका दिवसाला एवढी एलएफपी पुरते. छपरावर सोलर असेल तर मुक्काम लांबवता येतो. या बॅटरीवर इंडक्शन शेगडी चालवायचा हट्ट सोडा. १८०० वॅटची शेगडी दीडशे अँपिअर मागते, तेवढा भार या आकाराच्या बहुतेक बॅटऱ्यांना झेपत नाही. स्वयंपाकासाठी मोठी बॅटरी घेण्यापेक्षा गॅस परवडतो. फक्त खिडकी उघडी ठेवा.

भंगारातल्या इलेक्ट्रिक स्कूटरचे किंवा लॅपटॉपचे सेल जोडून 'पॅक' बनवून देणारे कारागीर गावोगाव भेटतील. त्यांच्या हातात कला असेल, पण त्या सेलचं मागचं आयुष्य कोणालाच ठाऊक नसतं. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, तेव्हा सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. ते नियम गाडी पळवणाऱ्या बॅटरीचे. फ्रिज-पंखे चालवणाऱ्या बॅटरीची चौकशी तुम्हालाच करावी लागेल. सेल नवे आहेत का? बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, किती अँपिअरचा? तापमान वाढलं, की तो चार्जिंग तोडतो का? शून्याखालीही तोडतो का? स्पितीला जाणाऱ्यांनी शेवटचा प्रश्न विसरू नये. गोठणाऱ्या थंडीत चार्ज केली, तर एलएफपी कायमची खराब होते. उत्तरं लेखी नसतील तर दुसरं दुकान गाठा.

बॅटरीइतकीच जोडणी महत्त्वाची. इंजिनच्या अल्टरनेटरला एलएफपी थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते, की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीला शक्य तितका लगटून, मोठा शॉर्ट-सर्किट करंट तोडू शकणारा फ्यूज बसवा. इलेक्ट्रिशियन साधा काचेचा फ्यूज चालेल म्हणाला, तरी ऐकू नका. बॅटरी घट्ट आवळून बसवा, इंजिनच्या उष्णतेपासून दूर.

आणि प्रवासाला निघण्याआधी घरीच एक चाचणी घ्या. पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टरवर शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. १०० अँपिअर-तासांची खरी बॅटरी तो अकरा तासांच्या आसपास पेटता ठेवते. सात-आठ तासांतच विझला, तर आधी इन्व्हर्टर आणि जोडण्या तपासा. त्या ठीक असतील तर बिल घेऊन दुकान गाठा, वॉरंटी संपायच्या आत.