मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक नेमताना



प्रथम वर्ष कला शाखेच्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासंबंधी आपल्या वृत्तपत्रात या आठवड्यात जी उलटसुलट मते प्रसिद्ध झाली, त्यांत पुस्तकाची किंमत, त्याची जाडी आणि त्यातील रंगीत चित्रे यांचा पुष्कळ ऊहापोह झाला. परंतु ज्या मनुष्यस्वभावाविषयी ते पुस्तक इतक्या अधिकारवाणीने बोलते तो कोणत्या माणसांवरून ठरविला गेला, हा मूळ प्रश्न एकाही पत्रलेखकाने विचारू नये, याचा मला खेद वाटला. म्हणून हा पत्रप्रपंच.

जेफ्री आर्नेट या अभ्यासकाने २००८ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या सहा प्रमुख नियतकालिकांतील पाच वर्षांचे संशोधन तपासले, तेव्हा ज्यांच्यावर हे संशोधन झाले ते लोक शेकडा ९६ या प्रमाणात पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, आणि त्यांत एकट्या अमेरिकेचा वाटा ६८ टक्के होता. या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. उरलेल्या ८८ टक्क्यांत पुणे जिल्ह्यातले आमचे आंबेगाव आहे, जुन्नर आहे, अवघा हिंदुस्थान आहे. हा ९६ आणि १२ चा हिशेब पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ठळक टाइपात छापलेला असावा, आणि जे पुस्तक तो दडवते ते कितीही सुबक असले तरी नवख्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शास्त्राचे सिद्धांत सार्वत्रिक असतात, असे यावर कोणी म्हणतील. त्यांनी म्युलर-लायर यांच्या सुप्रसिद्ध दृष्टिभ्रमाचे उदाहरण पाहावे. एकीच्या टोकांना आत व दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले बाण काढलेल्या दोन सारख्या रेषा लहानमोठ्या दिसणे हा मानवी डोळ्यांचा धर्मच होय, अशा थाटात कित्येक पुस्तके तो छापतात. वस्तुतः सीगल, कॅम्बेल व हर्सकोव्हिट्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कलहारी वाळवंटातील सान लोकांना या भ्रमाची बाधा जवळजवळ झालीच नाही. रेषेची लांबी पाहण्यात जर माणसामाणसांत एवढे अंतर पडते, तर लज्जा, कर्तव्य, कुटुंब, शोक या विषयांत ते किती पडत असेल!

आमच्या भागातील एका महाविद्यालयाने नेमलेले इंग्रजी पुस्तक मी शेजारच्या मुलीकडून मागून वाचले. भय या भावनेच्या विवेचनात वॉटसन व रेनर यांनी १९२० साली बाल्टिमोर येथे एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची धास्ती कशी लावली, याचे सविस्तर वर्णन त्यात आहे, आणि ते असावेही, कारण तो प्रयोग शास्त्राच्या इतिहासातला आहे. परंतु ज्या तालुक्यांत उसाच्या फडातून बिबट्या केव्हा बाहेर येईल या धास्तीने दिवेलागणीनंतर आया मुलांना अंगणात सोडत नाहीत, आणि जिथे जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी स्वतंत्र निवारा केंद्र चालवावे लागते, तिथल्या विद्यार्थ्याला भय शिकविताना त्याच्या घरचे भय वर्ज्य का? आघातोत्तर तणाव विकारासाठी त्याच पुस्तकात अमेरिकेतील वादळाचा दाखला आहे. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यातून जे वाचले त्यांची मने हा मानसशास्त्राचा विषय नव्हे काय?

भाषेविषयीही लिहिणे प्राप्त आहे. बालभारतीने अकरावी-बारावीसाठी मानसशास्त्राची मराठी पुस्तके काढली आहेत; अभ्यंकर, ओक व गोळविलकर यांचे पदवीस्तरावरील मराठी पुस्तक उपलब्ध आहे; बॅरन यांच्या इंग्रजी ग्रंथाची भारतीय उपखंडासाठी गिरीश्वर मिश्र यांच्यासह सिद्ध झालेली आवृत्तीही मिळते. असे असता, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला परदेशी वाचकांसाठी लिहिलेला ग्रंथ देऊन ‘वाचून या’ असे फर्मावणे म्हणजे तिला वाचनापासून तोडणे होय. ती मग गाईड घेते. झेरॉक्सच्या दुकानांत वीस प्रश्नांची जी चोपडी मिळते, तीच आज आमच्याकडील पुष्कळ मुलांचे खरे पाठ्यपुस्तक झाली आहे, आणि परीक्षेतले प्रश्न वर्षानुवर्षे तेच ते येत असल्यामुळे त्या चोपडीवर मुले उत्तीर्णही होतात, ही याहून मोठी शोचनीय गोष्ट आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही या दोषातला आपला वाटा ओळखला पाहिजे.

विद्यार्थ्याला पुढे इंग्रजी ग्रंथ वाचता आले पाहिजेत, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु विषयाची गोडी लागल्यावर तो ते वाचील, गोडी लागण्यापूर्वी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२४ मध्ये भारतीय भाषांत पाच वर्षांत २२,००० पुस्तके तयार करण्याची ‘अस्मिता’ योजना जाहीर केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोहोंचा काही उपयोग व्हायचा असेल, तर माळीणचा व बिबट्याचा उल्लेख असलेला, ९६ आणि १२ चा हिशेब प्रामाणिकपणे सांगणारा एक मराठी प्रवेशग्रंथ मानसशास्त्राच्या वाट्याला यायला हरकत नसावी.

माझी अभ्यासमंडळाच्या सन्माननीय सदस्यांना विनंती आहे की, पुढील वर्षाची ग्रंथसूची कायम करण्यापूर्वी त्यांनी शिफारस केलेल्या प्रत्येक पुस्तकाचे एक प्रकरण ग्रामीण महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे, आणि जे त्यांना स्वतःच्या बळावर समजेल तेच मुख्य पाठ्यपुस्तक म्हणून नेमावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
पेठ, ता. आंबेगाव, जि. पुणे