नव्या गाडीला पॉलिश कशाला?

नवी मोटार दाराशी आली की हार-पेढे होतात आणि लगेच कुणीतरी सुचवतो, "एकदा पॉलिश मारून घ्या." माझे वडील गाड्या धुण्याचे काम करतात, म्हणून ह्या सल्ल्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

पॉलिश आणि मेण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिश घासते, मेण झाकते. आजच्या मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा केसाहूनही पातळ असतो. प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा अंश खाते, आणि तो परत येत नाही. मेण काही आठवड्यांत उतरते खरे, पण पुन्हा लावता येते. तेव्हा ओरखडे नसलेल्या नव्या गाडीला भरपूर पाणी, स्वच्छ मऊ कापड आणि मेण एवढे पुरे.

मग पॉलिश खपते का? कारण आपल्याला जपण्यापेक्षा चमकण्याची हौस अधिक! हप्ते भरून घेतलेल्या वस्तूचे कवच आपणच पैसे मोजून झिजवतो. गाडी पुसणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते. पण त्याला कोणी विचारत नाही. मित्रहो, शिकलेल्या माणसाने आधी त्याला विचारावे.