गोफाची पेन्शन

"सोनं आहे ना घरात, मग म्हातारपणाची चिंता कशाला?" आमच्या भंडाऱ्यात रिटायरमेंटच्या सत्काराला हे वाक्य कुणीतरी बोलतंच. शाल-श्रीफळ होतं, ग्रॅच्युइटी आणि पीएफ बँकेत जमा होतो आणि महिन्याभरात त्यातला मोठा हिस्सा सराफ्यात पोचलेला असतो. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक आहे, तरी लिहितोय. हा शुद्ध वेडेपणा आहे.

जुनी पेन्शन असलेल्यांचं एकवेळ चालून जायचं, दर महिन्याला काही ना काही येतच होतं. पण १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारात लागलेल्या मास्तर-बाबूंना ती जुनी पेन्शन नाही. खाजगी नोकरीवाल्यांची तर बातच सोडा. त्यांच्या हातात शेवटी जो पैसा येतो, त्यावरच पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात.

आणि गंमत बघा, आपला जिल्हा पितळी भांड्यांचा. जुनी गुंडी मोडीत दिली की वजनाचे पैसे मिळतात, घडवणाऱ्याच्या हातोड्याचे नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग सोन्याच्या दुकानात गेल्यावर ही अक्कल जाते कुठे? समजा १०० रुपयांचं सोनं घेतलं. घडणावळ १२ टक्के धरा, वर ३ टक्के जीएसटी. झाले ११५. उद्या मोडायला गेलात तर घडणावळ गेली, जीएसटी गेला, वर घट कापतील ती वेगळीच. म्हणजे भाव पंधरा टक्क्यांच्या वर चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच.

कुणी म्हणेल, भाव चढतोच की! २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पार गेला, खरंय. पण २०१२ ला एकतीस हजारांच्या घरात असलेलं सोनं २०१५ ला सव्वीस हजारांवर होतं. १९९६ ला तोळा पाच हजारांच्या आसपास होता आणि २००१ ला त्याच्याही खाली. त्या पाच वर्षांत ज्याला दवाखान्यासाठी नागपूर गाठावं लागलं, त्याने काय भाव चढायची वाट बघायची होती?

बरं, गोफाची दर महिन्याला एक कडी तोडून किराणा भरता येतो का? मोडायचा तर अख्खा मोडावा लागतो. आणि तो असतो कुणाच्या गळ्यात? बाईच्या. नवरोबा ज्याला 'माझी बचत' म्हणतात, ते तिच्या अंगावरचं असतं. ती देणार नाही, आणि का द्यावं तिने?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी जाता जाता: तिकडे रिटायरमेंटच्या खात्यात सोनं ठेवता येतं, पण दागिना चालत नाही. ते कस्टोडियनच्या ताब्यात असावं लागतं. नाणी घरी आणून ठेवलेल्या एका बाईंना तिथल्या टॅक्स कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की हे पैसे खात्यातून काढल्यासारखेच, कर भरा. अंगावरचं वेगळं आणि पोटासाठीचं वेगळं, हे तिकडे कायद्यानेच ठरवून टाकलंय.

हौसेला नाही म्हणत नाही मी. पोरीच्या लग्नात घाला सोनं, पण लग्नखर्चात मांडा. गुंतवणूक म्हणूनच हवं असेल तर थोडंसं गोल्ड ईटीएफमध्ये. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही, आणि त्यांची मुदतही आठ वर्षांची होती. मोबाईलवरच्या 'डिजिटल गोल्ड'वर आपलं नियंत्रण नाही, हे सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतःच जाहीर केलंय.

उरलेले पैसे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. २०२३ पासून तिथे तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं. सराफ्यात जायच्या आधी एकदा तो फॉर्म तरी घेऊन या.