काचेच्या लाह्या



मागच्या हंगामात मिरचीच्या रोपांच्या ट्रेमधले पांढरे खडे दाखवून एका ताईंनी मला विचारले, "साहेब, हा युरिया म्हणायचा की थर्माकोल?" दोन्ही नव्हे. ती ज्वालामुखीची काच आहे. तिचे नाव परलाइट.

ज्वालामुखीच्या रसात सिलिका भरपूर असली की तो काकवीपेक्षाही घट्ट असतो. असा रस झटकन थिजला, तर त्यात स्फटिक धरायला सवड मिळत नाही आणि त्याची काच होते. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही अशाच रसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण त्यात सिलिका कमी, रस पातळ. म्हणून त्यात स्फटिक धरले आणि त्याचा दगड झाला.

काळ लोटतो तसे काही काचेत पाणी मुरते, वजनाच्या 2 ते 5 टक्के. हेच कच्चे परलाइट. ते भरडून भट्टीत 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की काच मऊ पडते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि खडा 7 ते 16 पट फुगतो. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात, तशीच ही तऱ्हा.

या लाह्यांमुळे ट्रेमध्ये हवा खेळते, जादा पाणी निथळते आणि मुळे गुदमरत नाहीत. भट्टीतून निघालेल्या मालात रोगजंतू किंवा तणाचे बी नसते. तीन भाग कोकोपीट, एक भाग व्हर्मिक्युलाइट आणि एक भाग परलाइट हे मिश्रण रोपांना चांगले मानवते. मात्र त्यात अन्न काहीच नाही. खत म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. शेतात पसरायलाही ते परवडणार नाही. तिथे शेणखतच बरे.

आता माझी एक चूक सांगतो. एका प्रात्यक्षिकात मी बंद शेडमध्ये पोते कोरडेच उपडे केले. धुरळा उडाला, पुढे बसलेल्या बायका खोकून बेजार झाल्या, एका पोराच्या डोळ्यात कण गेला. काचेची धूळ ती! ट्रे भरायला घरातल्या बायकाच बसतात, शेजारी लेकरे असतात. म्हणून पोते उघड्यावर फोडा, आधी पाणी शिंपडा, नाकाला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा. रोपे जगवायची, तशी छातीही जपायची.