खड्डा बुजला, कारण राहिलं

पाऊस ओसरला की महापालिकांच्या खड्डे बुजवण्याच्या मोहिमा सुरू होतात आणि किती खड्डे बुजवले याचे आकडे जाहीर होतात. आमचा आक्षेप या मोजदादीलाच आहे. तोच खड्डा त्याच जागी पुन्हा का पडला, हे तिच्यात कुठेच येत नाही. भेगांतून पाणी आत झिरपतं, डांबराची खडीवरची पकड सुटते, खालचा थर भिजून मऊ होतो आणि अवजड वाहनांखाली खडी उखडत जाते. म्हणून खड्ड्याच्या आसपास नीट पाहिलं तर कारण बहुधा तिथेच सापडतं. कुठे गटाराचं तोंड तुंबलेलं असतं, कुठे केबलसाठी खणलेला चर न दाबताच बुजवलेला असतो. खड्डा चौकोनी कापावा, सैल माल काढावा, जागा कोरडी करून कडांना डांबर लावावं आणि मग थर देऊन दाबावा, ही पद्धत प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे. तरीही साचलेल्या पाण्यातच कोल्डमिक्स ओतून फावड्याने थोपटलं जातं, आणि मोहिमेच्या हिशेबात तोही ‘बुजवलेला’ ठरतो.

जमिनीखालचं दुर्लक्ष याहून घातक. २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात मलनिस्सारण वाहिनीच्या सफाईसाठी आलेला महापालिकेचा अख्खा ट्रकच भगदाडात गेला. चालक बचावला, हे नशीब. तिथे जुनी विहीर असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पुण्या-मुंबईखालचा बेसाल्ट चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्या शहरांतल्या अशा भगदाडांमागे बहुतेक वेळा माणसाचाच हात असतो. गळक्या वाहिनीबरोबर माती वाहून जाते, किंवा जुनी विहीर नीट न भरताच तिच्यावर फरशी चढते. वरचे पेव्हर ब्लॉक शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट दिसतात.

यावर पावसाचं कारण पुढे केलं जातं. पण कोकणात आणि मुंबईत पाऊस किती पडतो हे कंत्राटाचा मसुदा करणाऱ्याला माहीत असतंच. सिमेंट काँक्रीटचा उपाय पृष्ठभागापुरता खरा आहे. मात्र खालच्या जुन्या वाहिन्या न बदलता वर काँक्रीट घातलं, तर पुढची गळती शोधायला तेच फोडावं लागणार.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं गेली. दिवाळीच्या तोंडावर, १३ ऑक्टोबर २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ती जबाबदार अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करायला सांगितली. अशाने अभियंते सहीच करणार नाहीत, अशी भीती व्यक्त होते. ती खोटी नाही, कारण नोंद नसेल तर जो हाताशी सापडेल त्याच्यावर शेकतं. पण खोदाईची परवानगी महापालिकाच देते, चर बुजवण्याचे पैसेही तीच आकारते. चर कोणी खणला, कोणी बुजवला, कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची, म्हणजे दोषदायित्वाची मुदत कधी संपते, हे सगळं तिच्याच फायलींत असायला हवं. प्रभागनिहाय ही माहिती लोकांसमोर मांडावी आणि मुदतीतला खड्डा नागरिकांच्या पैशांनी बुजवण्याआधी ती तपासावी. प्रामाणिक अभियंत्याला यापेक्षा भक्कम संरक्षण दुसरं नाही.