पूल थरथरतो, ऐकणार कोण?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. मे महिन्यातच पाहणी झाली होती, पूल सुरक्षित होता, असे शासनाने नंतर सांगितले. ही कसली पाहणी, असा आमचा सवाल आहे.

आपल्या आयाबहिणी टिचकी मारून मडके घेतात. तडा असेल तर आवाज बदलतो. पुलाचेही तसेच आहे. गाडी गेली की पूल थरथरतो. कंपनमापक ती थरथर नोंदवतो, संगणक तिच्यातील वारंवारता वेगळ्या काढतो. तडा गेला किंवा पायाखालची माती वाहून गेली, की ताठरपणा घटून वारंवारता उतरते. मात्र हवामानानेही ती बदलते. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ पूल पाडण्यापूर्वी, १९९७-९८ मध्ये, जवळजवळ वर्षभर नोंदी घेतल्या. कडाक्याच्या थंडीत डांबर गोठून वारंवारता वाढल्याचे दिसले. म्हणून एका दिवसाची तपासणी पुरत नाही, सलग नोंद हवी.

एसटीने जाणारा माणूस कष्टकरी असतो. त्याच्या वाटेवरील जुन्या पुलांना ही यंत्रे बसवा आणि नोंदी जनतेसमोर ठेवा, ही आमची मागणी आहे. नुकसानभरपाईचे धनादेश माणूस परत आणत नाहीत.